पिंजऱ्यातली अंडी आणि मूठभर माती

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मराठीत इतकी रुळलेली आहे की, तिच्यात त्या प्राण्याविषयीचे अर्धेच सत्य आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत पोटात अंडी घेऊन असलेली मादी कुंपण सोडून खाली उतरते, बांधावर किंवा परसातल्या मोकळ्या जागी ओलसर, भुसभुशीत जमीन शोधते, पायांनी खळगा उकरते, त्यात दहा-वीस अंडी घालते, वर माती लोटून जागा सारखी करते आणि मगच पुन्हा झाडावर चढते. खेड्यात वाढलेल्या माणसाने हे दृश्य केव्हातरी पाहिलेले असते. त्या मादीची मागणी फार मोठी नसते. योग्य ओल असलेली, पुरेशी खोल जमीन आणि घटकाभर एकांत एवढे मिळाले की तिचे काम निर्विघ्न पार पडते.

शहरातल्या सदनिकेत, काचेच्या पेटीत ठेवलेल्या मादीला नेमके एवढेच मिळत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत विदेशी सरडे पाळण्याची हौस आता नवलाईची राहिलेली नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेतला हिरवा इग्वाना, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला बिअर्डेड ड्रॅगन, पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या खडकाळ भागात आढळणारी लेपर्ड गेको जातीची पाल, येमेन व सौदी अरेबियाकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन, असे नाना देशींचे जीव दिवाणखान्यातल्या दिव्याखाली येऊन बसले आहेत. पिल्लू घरी येते तेव्हा ते तळहाताएवढे असते आणि ते नर की मादी हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी त्याचे पोट फुगू लागते. प्राणी अंगाने भरला म्हणून घरची मंडळी समाधान पावतात. मग तो खाणे सोडतो, पेटीच्या कोपऱ्यांत नखांनी ओरखडत राहतो, पुढे निपचित पडतो आणि एके दिवशी मरून जातो. ‘आयुष्यच तेवढे होते,’ असे म्हणून विषय संपवला जातो.

आयुष्य तेवढे नव्हते. नीट जपलेला इग्वाना दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. त्याचा अंत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होतो तेव्हा कारण शोधले पाहिजे, आणि मादीच्या बाबतीत ते कारण अनेकदा पोटात अडलेल्या अंड्यांत सापडते. गाय अडली तर गावात धावपळ होते. पेटीतली मादी अडली आहे हे मात्र कोणाला कळतही नाही. अंडी अडणे ही बहुतांशी दैवाची किंवा अचानक उद्भवलेल्या रोगाची गोष्ट नसते. माती, ऊन, चुना, पाणी आणि हालचाल या पाच गोष्टींपैकी एक वा अनेक उणिवा महिनोन्महिने साचत गेल्या म्हणजे ती घडते. म्हणूनच तिचा बंदोबस्त दवाखान्यात फारसा होत नाही. तो पिंजऱ्यात, आणि खरे म्हणजे प्राणी विकत घेण्यापूर्वीच व्हावा लागतो.

नराविनाही अंडी

या बाबतीतला पहिला गैरसमज असा की, घरात एकटीच मादी आहे, नर नाही, तेव्हा अंड्यांचा प्रश्न उद्भवतच नाही. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना या समजुतीतला फोलपणा सांगावा लागणार नाही. कोंबडी कोंबड्यावाचून अंडी देते. फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. अनेक जातींच्या माद्या सरड्यांचेही तसेच आहे. वय झाले, ऋतू आला आणि अंगी पोषण साचले की अंडाशय आपले काम सुरू करतो. नर आहे की नाही याची चौकशी तो करीत नाही. व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी जेमतेम सहा-आठ महिन्यांची असताना, बिअर्डेड ड्रॅगन वर्षाच्या आसपास आणि इग्वाना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी या अवस्थेला पोहोचते. मालकाला मात्र ते अजून ‘पिल्लू’च वाटत असते.

अंड्यांची संख्या ध्यानात घेतली म्हणजे या प्रसंगाचा भार कळतो. लेपर्ड गेको एका वेळी दोनच अंडी घालते, परंतु हंगामात अनेकदा घालते. बिअर्डेड ड्रॅगनच्या एका खेपेत पंधरा-वीस किंवा त्याहूनही अधिक अंडी असतात आणि अशा खेपा वर्षातून काही वेळा येतात. इग्वाना वर्षातून एकदाच अंडी घालतो, पण त्यांची संख्या वीसपासून सत्तरपर्यंत जाते. एवढा पसारा पोटात मावायचा म्हणजे जठराला जागाच उरत नाही. म्हणून अंड्यांनी भरलेली निरोगी मादीही शेवटचे काही आठवडे अन्न जवळजवळ टाकते. एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. ती टवटवीत असेल, डोळे उघडे व सावध असतील, इकडेतिकडे फिरून उकरण्याजोगी जागा शोधत असेल तर तिचे ठीक चालले आहे असे समजावे. खाणे सुटले आणि त्याबरोबर जोमही सुटला, तर ती धोक्याची खूण होय.

विघ्न दोन टप्प्यांवर येऊ शकते. पहिल्या टप्प्यात अंडाशयातले बलकाचे गोळे वाढतात, पण तेथून सुटून अंडवाहिनीत उतरत नाहीत. तेथेच साचून राहतात. त्यांतला एखादा फुटला तर बलक उदरपोकळीत पसरून जीवघेणा दाह होतो. दुसऱ्या टप्प्यात अंडी अंडवाहिनीत येतात, त्यांवर कवच चढते, पण ती बाहेर पडत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत फुगलेले पोटच दिसते. भेद कळतो तो क्ष-किरण छायाचित्राने आणि सोनोग्राफीने; आणि उपचार भिन्न असल्यामुळे तो कळणे अगत्याचे असते.

वाट पाहणारे शरीर

अंडी तयार असूनही मादी ती घालत का नाही, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या शेजारीच मिळाले आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञांनी कुंपणावरच्या आपल्या नेहमीच्या सरड्यावर दीर्घकाळ संशोधन केले. १९९८ आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. बंदिस्त ठेवलेल्या माद्या प्रतिकूल परिस्थितीत तयार अंडी दीर्घकाळ अंडवाहिनीतच रोखून धरतात आणि आतल्या भ्रूणांची वाढ एका ठरावीक टप्प्याशी येऊन थांबते. निसर्गात या क्षमतेचा उपयोग उघड आहे. पाऊस लांबला, जमीन कोरडी राहिली, तर अंडी उघड्यावर टाकण्यापेक्षा चार दिवस थांबणे पिल्लांच्या हिताचे असते. आज ना उद्या पाऊस येतो, माती भिजते आणि थांबण्याचे सार्थक होते.

काचेच्या पेटीत पाऊस येत नाही. तळाशी वर्तमानपत्र, गालिच्याचा तुकडा किंवा फरशी असते. मादी उकरते, नखे घासते, थांबते, पुन्हा उकरते. जे थांबणे रानात शहाणपणाचे असते तेच येथे तिच्या जिवावर उठते. कारण या प्रतीक्षेला अंत नसतो. शक्ती संपत जाते, अंगातले पाणी कमी होते, अंडवाहिनीचे स्नायू थकतात आणि पुढे योग्य जागा दिली तरी अंडी बाहेर टाकण्याचे बळ तिच्यात उरत नाही.

इग्वानाच्या मायदेशातले उदाहरणही बोलके आहे. पनामातील गाटून सरोवरात बारो कोलोराडो बेटालगत स्लोथिया नावाचे एक चिमुकले बेट आहे. स्टॅन्ली रँड या प्राणिशास्त्रज्ञाने तेथे अंडी घालण्यासाठी एकत्र जमणाऱ्या इग्वाना माद्यांचे वर्णन १९६८ साली प्रसिद्ध केले. उन्हाने तापणारी, उकरण्याजोगी मोकळी जमीन घनदाट अरण्यात दुर्मीळ. म्हणून या माद्या पाणी ओलांडून पोहत तेथे येतात, बिळे खणतात आणि जागेसाठी एकमेकींशी झुंजतातही. ज्या जागेसाठी हा प्राणी सरोवर पोहून जातो, तिचे महत्त्व त्याला पाळणाऱ्याने ओळखू नये, हे समर्थनीय नाही.

ऊन आणि चुना

जागेच्या खालोखाल महत्त्व आहे ते कॅल्शियमचे. अंड्यांच्या कवचासाठी ते लागते हे सर्वांना ठाऊक असते; परंतु अंडे पुढे ढकलणाऱ्या स्नायूंच्या आकुंचनालाही ते लागते हे फारसे ठाऊक नसते. ते कमी पडले तर शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढून घेते. हाडे मऊ पडतात, जबडा सुजल्यासारखा दिसतो, पाय थरथरतात, कंबरेची हाडे वाकडी होतात. अशा वाकड्या कंबरेतून अंडी जाणार तरी कशी? बालपणी चुकलेल्या आहाराची किंमत अशा रीतीने दोन वर्षांनी प्रसूतीच्या वेळी मोजावी लागते.

नुसते कॅल्शियम खाऊ घालून भागत नाही. ते अंगी लागण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व हवे आणि ते दिवसा वावरणाऱ्या सरड्यांच्या कातडीत सूर्यप्रकाशातल्या अतिनील-ब किरणांमुळे तयार होते. येथे शहरी घरात एक फसगत हटकून होते. पेटी खिडकीशी ठेवली, तीत लख्ख ऊन पडले, म्हणजे काम झाले असे वाटते. वास्तविक खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. आत येतात ते प्रकाश आणि उष्णता. बंद काचेच्या पेटीत भर उन्हात ठेवलेला प्राणी तर थोड्याच वेळात उष्माघाताने मरू शकतो. यावर उपाय म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, सावलीचा कोपरा राखून, सकाळचे मोकळे ऊन देणे. आणि ते शक्य नसेल तर अतिनील-ब किरणांचा खास दिवा योग्य अंतरावर लावणे. हा दिवा डोळ्यांना वर्षानुवर्षे पेटलेला दिसतो, परंतु त्याच्या उपयुक्त किरणांची मात्रा सहा महिने ते वर्षभरात घटते. तो वेळेवर बदलला पाहिजे. महाराष्ट्रात ज्या गोष्टीचा कधी तुटवडा नव्हता ते ऊन दिव्याच्या रूपाने विकत घ्यावे लागावे, यातला विरोधाभास बाजूला ठेवला, तरी ते घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

आहाराचेही तसेच. इग्वाना हा पालेभाजीवर जगणारा प्राणी आहे. त्याला अंडे, मांस किंवा कुत्र्या-मांजरांचे खाद्य देणे म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांवर घाला घालणे होय. पाल्यांतही निवड हवी. पालक ‘पौष्टिक’ म्हणून रोज घातला जातो; पण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. त्यापेक्षा शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची पाने व फुले अधिक श्रेयस्कर. आहारात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावे, असा साधारण दंडक आहे. कीटक खाणाऱ्या जातींत अडचण अधिक असते. कारण पाळीव रातकिड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. त्या किड्यांनाच आधी सकस पाला खाऊ घालणे आणि देण्यापूर्वी त्यांना कॅल्शियमची पूड माखणे हा रिवाज त्यासाठीच पडला आहे.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे अतिपोषण. लाडाने भरवलेली, दिवसभर दिव्याखाली निजलेली, चार पावलेही न चालणारी मादी मेदाने जड होते आणि सैल स्नायूंनी तिला अंडी घालायची असतात. शॅमेलिऑनसारख्या जातीत तर मुबलक खाद्य आणि सततची उष्णता म्हणजे ‘सुगी आली’ असाच निरोप शरीराला मिळतो व अंड्यांची संख्या फुगते. म्हणून जाणते लोक पूर्ण वाढ झालेल्या मादीचे खाणे मोजके ठेवतात. चढण्यासाठी मजबूत फांद्या, फिरण्यासाठी प्रशस्त जागा, पिण्यासाठी स्वच्छ पाणी, जातीनुसार हवेतला ओलावा आणि पिंजऱ्यात एक ऊबदार व एक थंड टोक, एवढी व्यवस्था असली की निम्मी विघ्ने टळतात. पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यातल्या रात्री आणि खंडित होणारी वीज यांचाही विचार आधीच व्हावा. थंडीत गारठलेल्या सरड्याची पचनशक्ती आणि स्नायूंचे बळ दोन्ही मंदावतात.

जागा कशी असावी

अंडी घालण्याची जागा करणे खर्चाचेही नाही आणि अवघडही नाही; ते केवळ वेळेवर सुचावे लागते. खते वा कीटकनाशके न मारलेली माती आणि स्वच्छ वाळू एकत्र करून ती इतपत भिजवावी की मुठीत दाबली असता गोळा व्हावा, परंतु पाणी निथळू नये. बिअर्डेड ड्रॅगनसाठी असे मिश्रण निदान वीस ते तीस सेंटिमीटर खोल आणि मादीला आत वळता येईल इतक्या ऐसपैस पेटीत भरावे. लेपर्ड गेकोला झाकणाचा छोटा डबा, त्याला एक भोक आणि आत ओलसर शेवाळ किंवा नारळाचा भुसा एवढे पुरते. शॅमेलिऑनसाठी मोठी खोल कुंडी किंवा बादली चालते. इग्वानाला मात्र तोंडाशी अरुंद आणि आत प्रशस्त अशी झाकलेली मोठी पेटी हवी. कारण तिला बिळाचा आभास लागतो. माती कोमट असावी. थंडगार ओल्या चिखलात कोणतीही मादी अंडी घालीत नाही.

शेवटची अट एकांताची. घरातली मुले, पाहुणे, छायाचित्र घेण्यासाठी टपलेले हात यांची चाहूल लागली की मादी उकरणे अर्ध्यावर सोडते आणि पुन्हा सुरू करील याची खात्री नसते. पिंजऱ्यावर कापड टाकून दोन दिवस तिला तिच्या कामावर सोडणे, हे घरच्यांच्या संयमाची परीक्षा घेणारे असले तरी आवश्यक आहे. ही व्यवस्था मादी वयात येताच कायमची असावी. पोट फुगल्यावर धावाधाव करून आणलेली माती पुष्कळदा उशिराची ठरते.

अडल्यावर

एवढे करूनही एखादी मादी अडतेच. अंड्यांचा आकार वेडावाकडा असणे, अंतर्गत संसर्ग, मूत्राशयातील खडा, सुजलेली मूत्रपिंडे, अशी कारणे कोणाच्याही हाती नसतात. कुंथूनही अंडे न पडणे, थोडी अंडी घालून बाकीची राहणे, पाय थरथरणे, डोळे खोल जाणे, शेपटीच्या मुळाशी असलेल्या द्वारातून मांसल भाग बाहेर येणे, किंवा प्राणी निपचित पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठला पाहिजे. पोट दाबून अंडी ‘मोकळी’ करण्याचा आणि तेल पाजण्याचा घरगुती प्रयोग प्राणघातक ठरू शकतो. दाबाने अंडे आत फुटते. जनावरांच्या प्रसूतीत परिचित असलेले ऑक्सिटोसिनचे इंजेक्शनही येथे सर्रास चालत नाही. सरड्यांत त्याचा परिणाम भरवशाचा नसतो. आणि अंडे मोठे असेल किंवा वाट वाकडी असेल तर त्याने घातच होतो. आधी ऊब, पाणी व कॅल्शियम यांची तूट भरून काढणे, नंतर तपासणी आणि मग प्रसंगी शस्त्रक्रिया, असा क्रम जाणकार पशुवैद्य पाळतात.

पिल्ले नको असतील तर निरोगी अवस्थेतच मादीचे अंडाशय काढून टाकावे, असेही अनेक तज्ज्ञ सुचवतात. ‘हे निसर्गाविरुद्ध आहे,’ असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु अॅमेझॉनच्या खोऱ्यातला जीव अंधेरीच्या अकराव्या मजल्यावर आणून ठेवताना निसर्गाची आठवण झालेली नसते. ती या शस्त्रक्रियेच्या वेळीच व्हावी हे चमत्कारिक आहे. शस्त्रक्रियेत धोका आहे, हे खरे. मात्र धडधाकट प्राण्यावर ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि आठवडाभर उपाशी, गलितगात्र प्राण्यावर मध्यरात्री केलेली शस्त्रक्रिया, यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

नोंदीपलीकडचा प्रश्न

विदेशी प्राण्यांच्या बाबतीत कायदा अगदीच निद्रिस्त आहे असे नाही. केंद्र सरकारने २०२० साली अशा प्राण्यांची माहिती मालकांनी आपण होऊन द्यावी म्हणून योजना जाहीर केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतले प्राणी तीमुळे कायद्याच्या कक्षेत आले. हिरवा इग्वाना हा त्यांपैकीच एक. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले आणि परिवेश या सरकारी संकेतस्थळावर मालकी, जन्म, हस्तांतर व मृत्यू यांची नोंद करण्याचे बंधन आले. घोरपडीसारखे देशी प्राणी पाळण्यास तर कायद्याने मुळातच मज्जाव आहे. तस्करीला आळा घालण्याच्या दृष्टीने हे सर्व योग्यच होय.

परंतु नोंद म्हणजे निगा नव्हे. प्राणी कोणाचा आहे हे कागदावरून कळते. तो कोणत्या मातीवर उभा आहे हे कळत नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे आणि हालचालीला वाव नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणे हे गुन्हे ठरवले आहेत. अंड्यावर आलेल्या मादीच्या बाबतीत ‘निवारा’ या शब्दाच्या अर्थात उकरण्याजोगी जमीन येत नाही काय? न्यायालयाने केव्हातरी याचा निवाडा करावा म्हणून थांबण्यापेक्षा नियमांतच तो अर्थ स्पष्ट केलेला बरा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली स्वतंत्र नियम झाले आहेत. सरडा विकताना त्याच्या जातीची गरज, मादीला होऊ शकणारा हा त्रास आणि तो टाळण्याची रीत सांगणारे मराठी पत्रक ग्राहकाच्या हाती देणे दुकानदारावर बंधनकारक केले, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. नोंदणीच्या वेळी मालकाकडून पिंजऱ्याचे माप, दिव्याचा प्रकार आणि अंडी घालण्याची व्यवस्था यांची माहिती मागवणेही कठीण नाही. जो प्रश्न अर्जात छापलेला असतो तो अर्जदाराच्या मनात निदान एकदा तरी येतो.

तिसरी जबाबदारी शिक्षणाची. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून चालत आले आहे आणि राज्यात पशुविज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ नागपुरात आहे. या संस्थांनी सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांच्या चिकित्सेचे अल्पमुदतीचे वर्ग तालुक्या-जिल्ह्यांतल्या व्यवसायी पशुवैद्यांसाठी घेतले, तर मालकाला प्राणी घेऊन महानगर गाठण्याची पाळी येणार नाही. गाई-म्हशींच्या उपचारांत यामुळे काही उणे पडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्ञान वाढल्याने कोणत्याच गोठ्याचे नुकसान होत नाही.

माणसांच्या बाळंतपणाची सोय अजून सर्वत्र झालेली नसताना सरड्यांच्या अंड्यांची चिंता कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, माणसांच्या हालांना कारणे अनेक आणि गुंतागुंतीची आहेत. या प्राण्याच्या हालाला कारण एकच आहे आणि ते म्हणजे त्याला विकत घेणारी हौस. ज्याचे दुःख एखाद्याने आपल्या पैशाने घरी आणले, त्याचे निवारण करण्याची जबाबदारी समाजावर ढकलता येत नाही. हे प्राणी सरसकट बंद करावेत, असे दुसरा पक्ष म्हणतो. नव्या आयातीपुरते त्यात तथ्य असेलही. परंतु जे आधीच घरोघर आहेत त्यांचे काय? त्यांना तलावाकाठी नेऊन सोडणे हा सुटकेचा मार्ग नव्हे, कारण त्यात प्राण्याचाही घात आहे आणि येथल्या जीवसृष्टीचाही. केमन बेटांवर मोकाट वाढलेल्या हिरव्या इग्वानांचा उपद्रव इतका वाढला की, २०१८ साली हाती घेतलेल्या मोहिमेत ते लाखोंच्या संख्येने मारावे लागले. बंदी असो वा नसो, आज पिंजऱ्यात असलेल्या मादीला येत्या हंगामात माती लागणारच आहे.

म्हणून ज्याला सरडा पाळायचा असेल त्याने दुकानात शिरण्यापूर्वी तीन गोष्टींचा निर्णय केलेला असावा. घरात फूटभर खोल मातीची पेटी कोठे राहील, अतिनील किरणांचा दिवा दरवर्षी बदलण्याची ऐपत आहे का आणि सरडा हाताळणारा पशुवैद्य किती अंतरावर आहे? यांतल्या एकाही प्रश्नाला ठाम उत्तर नसेल, तर त्या प्राण्यावर प्रेम करण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे त्याला घरी न आणणे. आणि तो आधीच घरी असेल, तर माती आजच आणावी.